अश्विनीचे मूळ कागद

बिबवेवाडीत एका झेरॉक्सच्या दुकानावर माझा क्लास होता. जिन्यात पाटी होती, ‘विधी प्रवेश मार्गदर्शन’. तिच्याखाली कुणीतरी खडूनं लिहून ठेवलं होतं, ‘श्राद्धाचे विधी होत नाहीत’. पुसलं की चार दिवसांनी पुन्हा यायचं. मग मी नाद सोडला. चौकशीला येणारी माणसं ते वाचून हसत वर येत, आणि हसत आलेला पालक निम्मा पटलेलाच असतो.

पंचवीस-सव्वीस वर्षं मी एकच काम केलं. बारावी झालेल्या मुलांना वकिलीचं कॉलेज निवडून दिलं. यात काम ते काय, असं ऐकणाऱ्याला वाटतं. पदवी देशात कुठूनही घ्या, सनद मिळते, काळा कोट चढतो. मग कॉलेज पुण्यात काय आणि पंजाबात काय?

फरक पडतो, आणि भलताच पडतो. जमिनीचा कायदा राज्यागणिक बदलतो. आपल्याकडचा सातबारा, फेरफार, कूळकायदा हे इथल्या कॉलेजात शिकवतात, बाहेर कुणी नावही काढत नाही. जिल्ह्याच्या कोर्टात कामकाज मराठीतून चालतं, हायकोर्टात इंग्रजीतून. पुण्यात शिकणारं मूल सकाळचे तास आटोपून अकरा वाजता एखाद्या वकिलामागं फायली घेऊन उभं राहू शकतं. पाच वर्षांत शिपायापासून बेलिफापर्यंत सगळे त्याला नावानं हाक मारायला लागतात. याउलट ज्याला कंपन्यांचे करार करायचेत त्यानं खुशाल बाहेरच्या राष्ट्रीय विद्यापीठात जावं, कारण मोठ्या फर्मा माणसं निवडायला तिथंच जातात. म्हणून मी पालकांना कॉलेजचं नाव काढूच द्यायचो नाही. आधी मुलाला विचारायचो, ‘वकिली कुठं करायचीय?’ उत्तर आलं नाही तर एक दिवस शिवाजीनगर कोर्टात नेऊन बसवायचो. हा माझा शोध. त्याचा मला अजूनही गर्व आहे.

आणि दिवसही काय होते. मी वकील झालो तेव्हा बी.कॉम. होऊन नोकरी लागली नाही की पोरं लॉ करत. मी तीन वर्षं कोर्टात उभा राहिलो, तोंड उघडायचं धाडस झालं नाही, कोट घडी घालून ठेवला आणि शिकवायला लागलो. तेवढ्यात बाजार खुला झाला, परदेशी कंपन्या आल्या, हिंजवडीत भाताची खाचरं होती तिथं काचेच्या इमारती चढल्या. सायन्सला नव्वद टक्के मिळवलेली मुलं माझा जिना चढून विचारायला लागली, ‘सर, लॉमध्ये स्कोप काय?’ मे-जूनमध्ये मला जेवायची शुद्ध नसायची. याद्या लागायच्या, फोन वाजायचे, जिन्यात रांग. रोज सकाळी वाटायचं की आज काहीतरी होणार, आणि व्हायचंही.

खराडीत आयटीत असलेले, मूळचे अमरावतीचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. म्हणाले, “सर, याले सरळ सुप्रीम कोर्टातच टाकून द्या ना.” मी म्हटलं, “तिथं टाकायची सोय नाही, पोचावं लागतं.” मुलगा एक दिवस कोर्टात बसला आणि बाहेर येऊन म्हणाला, “सर, इथे एसी नाहीये.” झालं, कॉलेज ठरलं. तो आज एका कंपनीत करार वाचतो आणि सुखात आहे. मंडईतले एक आडते मुलीला घेऊन आले. त्यांची अट एकच: “कॉलेज कुठलंबी चालंल, बारा वाजता ही गाळ्यावर पायजे.” तिला सकाळचं कॉलेज दिलं. आता बाजार समितीतले व्यापारी तिच्याकडे नंबर लावून बसतात.

असं पुष्कळ सांगता येईल. पण मी लेखणी उचलली ती वेगळ्या कारणानं. ‘वकिली कुठं करायचीय?’ हा प्रश्न मी शेकडो मुलांना विचारला आणि एका मुलीनं त्याचं सगळ्यात सरळ उत्तर दिलं. तिचं उत्तर मी मोडून टाकलं.

अश्विनी वाघोलीची. वडिलांबरोबर आली होती. त्यांना सगळे अण्णा म्हणत, मीही म्हणायला लागलो. घरची शेती. नगर रस्त्याला कॉलेजं आणि सोसायट्या उगवायला लागल्या तशी त्यांच्या तीस गुंठ्यांकडं सगळ्यांची नजर गेली. चुलतभावानं वाटणीचा एक फेरफार करून घेतला, म्हणजे सरकारी दप्तरात जमीन आपल्या नावावर चढवून घेतली, आणि ती एका बिल्डरला लिहून दिली. अण्णांनी शिवाजीनगरला दावा लावला.

“घरात कागद येत्यात,” अण्णा म्हणाले, “वाचणारं कुणी न्हाई. ही वाचती आन् सांगती. म्हणून म्हनलं हिलाच वकील करू.”

मी तिला विचारलं, “वकिली कुठं करायचीय?”

“शिवाजीनगरला,” ती म्हणाली. “आमच्याच तारखांना.”

तिला कोर्टात नेऊन बसवायची गरजच नव्हती. ती अण्णांबरोबर आठवीपासून जात होती. पुण्यातलं कॉलेज, जमिनीचे कायदे, अकरा वाजता कोर्ट. दोन मिनिटांत निकाल लागला.

पण मुलगी विलक्षण हुशार निघाली. सराव परीक्षेत तिचे गुण बघून मी चष्मा पुसला होता. माझ्या क्लासातून राष्ट्रीय विद्यापीठात तोवर एकही मूल लागलं नव्हतं. कोथरूडच्या एका क्लासची तीन लागली होती, आणि त्यांचे फोटो चौकाचौकात झळकत होते. मी अश्विनीला म्हटलं, “ती परीक्षाही देऊन टाक. अनुभव म्हणून.” तिनं दिली आणि तिचं नाव लागलं. विद्यापीठ पूर्वेकडच्या एका राज्यात, रेल्वेनं दीड दिवसाच्या वाटेवर. ती हसली आणि म्हणाली, “बरं झालं सर, अनुभव आला. आता पुण्याची यादी कधी लागते?”

इथं आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. मुलांचे मूळ कागद, म्हणजे लीव्हिंग सर्टिफिकेट आणि गुणपत्रिका, आम्ही क्लासच्या कपाटात ठेवून घेत असू. पालकांना सांगायचो, हरवू नयेत म्हणून. खरं कारण असं की मूळ कागद आमच्याकडे असले की मूल दुसऱ्या क्लासकडे जात नाही. प्रवेशाच्या कोऱ्या संमतीपत्रांवर सह्याही आधीच घेऊन ठेवायचो, ऐनवेळी धावपळ नको म्हणून. आणि मूळ लीव्हिंग एकदा का एका कॉलेजात जमा झालं, की दुसरीकडचा प्रवेश अडकला.

पुण्याच्या पहिल्या यादीत अश्विनीचं नाव होतं. शनिवारपर्यंत मूळ कागद घेऊन जायचं होतं. ती शुक्रवारी ते न्यायला येणार होती. बुधवारी दुपारी मी कपाट उघडलं, तिची फाईल काढली, तिनं सही केलेलं संमतीपत्र वर लावलं आणि सगळं कुरिअरनं त्या विद्यापीठाला पाठवून दिलं. अंगात एक हुरूप होता, तो आठवला की आज शरम वाटते.

शुक्रवारी ती अण्णांना घेऊन आली. मी कपाळाला हात लावला आणि म्हटलं, “अगं, घोटाळा झाला. खालच्या दत्ताकडं दोन गठ्ठे झेरॉक्सला दिले होते. त्याच्याकडून पाकिटांची अदलाबदल झाली, तुझे कागद तिकडं गेले.”

दत्ता म्हणजे झेरॉक्सवाला. अण्णा तडक खाली उतरले आणि त्याला नाही नाही ते बोलले. मी वरून ऐकत होतो. त्या भल्या माणसाला वाटलं, झालंही असेल आपल्याकडून. त्यानं अण्णांची माफी मागितली.

“परत मागवता येतील का?” अश्विनीनं विचारलं.

“प्रवेश रद्द करून कागद यायला महिना जातो. तोवर इथल्या जागा भरतील. वर्ष वाया जाईल.” एवढं मात्र खरं होतं.

तिनं हातातल्या यादीची घडी घातली. मग म्हणाली, “मग जाते.” अण्णांकडं वळून म्हणाली, “अण्णा, कागद आला की न उघडता मला पाठवायचा. समजलं का?” अण्णांनी मान हलवली.

महिन्याभरात तिचा फोटो बिबवेवाडीच्या चौकात लागला. पुढल्या वर्षी माझ्या जिन्यात रांग रस्त्यापर्यंत गेली.

ती दर दिवाळीला मोबाइलवर शुभेच्छा पाठवायची. मी उत्तर द्यायचो, ‘यशस्वी हो’. आणखी काही लिहायला बोट वळायचं नाही. पाच वर्षांनी कळलं की गुडगावच्या एका मोठ्या फर्मची नोकरी नाकारून ती पुण्याला परत आली, आणि शिवाजीनगरला देवधर वकिलांच्या हाताखाली लागली. मी मनात म्हटलं, सुटलो. अखेर पोचली ना जिथं जायचं होतं तिथं.

त्यानंतर वर्षभरानं तिचा फोन आला. “सर, सोमवारी माझं पहिलं मोठं आर्ग्युमेंट आहे. घरचाच दावा आहे. या ना.”

मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. मागच्या बाकावर अण्णा होते, त्यांच्या शेजारी बसलो. घरच्या खटल्यात वकील मंडळी स्वतः उभं राहणं टाळतात, म्हणून वकीलपत्र देवधरांचं होतं. पण ते खुर्चीत मागं रेलून बसले आणि तिला म्हणाले, “बोल तू. मी झोपलेलो नाही.”

ती बोलायला लागली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की नेमकं काय झालं होतं. ती तिसऱ्या वर्षाला असताना अण्णांचे जुने वकील आजारी पडले. नोटिसा आल्या. तिला कशाला घोर म्हणून अण्णांनी त्या देव्हाऱ्याखाली ठेवून दिल्या, आणि फोनवर सांगत राहिले, ‘समदं ठीक हाय.’ तीन तारखांना कुणीच हजर नव्हतं. कोर्टानं दावा काढून टाकला. ती परत आली तेव्हा अडीच वर्षं उलटून गेली होती, आणि बिल्डरनं पायाचे खड्डे घ्यायला सुरुवात केली होती. काढून टाकलेला दावा पुन्हा चालवायचा तर एवढा उशीर का झाला याचं समाधानकारक कारण द्यावं लागतं. कारण पटलं तर कोर्ट उशीर माफ करतं. नाही पटलं तर तीस गुंठे गेले.

ती सुरेख बोलत होती. कुठं थांबायचं ते तिला कळत होतं, नेमक्या पानावर बोट होतं. मीच उभा आहे असं मला वाटत होतं. मग बिल्डरचे वकील उठले. पुण्यातले जुने, आवाज न चढवता सोलणारे.

“मॅडम, आमच्या विद्वान मैत्रीण म्हणतात, वडील कागद वाचण्यासाठी लेकीवर अवलंबून होते आणि लेक परगावी होती,” ते न्यायाधीश बाईंना म्हणाले. “दावा इथं चालू, वडील इथं, कागद इथं. मग त्या शिकायला दीड दिवसाच्या वाटेवर गेल्या कशाला? पुण्यात लॉ कॉलेजं नव्हती? आम्ही तर इथंच शिकलो. काही वाईट झालं नाही आमचं.”

दोन-चार वकील हसले. न्यायाधीश बाईंनी अश्विनीकडं पाहिलं. “याचं उत्तर आहे का?”

“आहे मॅडम. अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात परिच्छेद सहा. पुण्यातल्या यादीत माझं नाव होतं. झेरॉक्स दुकानदाराच्या चुकीनं माझे मूळ कागद तिकडं गेले.”

“चुकीनं,” ते वकील नुसते म्हणाले आणि बसले.

बाई म्हणाल्या, “निकाल मधल्या सुट्टीनंतर.”

माझं खोटं अण्णांनी शपथेवर लिहून दिलं होतं. सहाव्या परिच्छेदात, त्यांच्या सहीखाली.

सगळे कँटीनकडं निघाले. मी जिन्यात तिला गाठलं. “अश्विनी, परिच्छेद सहा खोटा आहे.”

ती थांबली. “म्हणजे?”

“दत्ताची चूक नव्हती. मी पाठवले.”

मला वाटलं होतं ती रागावेल. ती फाईल बगलेत धरून भिंतीला टेकली आणि विचारायला लागली.

“कुठल्या दिवशी पाठवलेत?”

“बुधवारी.”

“पुण्याची यादी लागल्याचं तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“मला फोन केला होतात?”

“नाही.”

“का? क्लासात फोन नव्हता?”

“होता.”

“मी नको म्हणाले असते हे माहीत होतं?”

“हो.”

“शुक्रवारी अण्णा खाली जाऊन भांडले तेव्हा तुम्ही कुठं होता?”

“वर. ऐकत होतो.”

एवढं झाल्यावर तिनं फाईल उघडून सहाव्या परिच्छेदावर बोट ठेवलं. “सर, मी आत्ता कोर्टाला खोटं सांगितलं.”

“तुला माहीत नव्हतं.”

“आता माहीत आहे.” तिनं घड्याळ पाहिलं. “पस्तीस मिनिटं आहेत. चला.”

पाठोपाठ आलेले देवधर म्हणाले, “विचार कर. कारण बदललं की समोरचा म्हणेल, हे दर तासाला नवी गोष्ट सांगतात. अर्ज फेटाळला जाऊ शकतो.”

“जाऊ दे,” ती म्हणाली. “अण्णांच्या सहीखाली खोटं राहणार नाही.”

कोर्टाच्या आवारात झाडाखाली कॉम्प्युटर घेऊन बसलेला एक टायपिस्ट तिनं गाठला. ती उभी राहून सांगत होती, तो बडवत होता. ‘मी खाली सही करणार, शपथेवर लिहून देतो की’ अशी सुरुवात झाली. बुधवार, कपाट, संमतीपत्र, कुरिअर, दत्ताचं नाव. सगळं सरळ. शेवटी ती म्हणाली, “आता का पाठवलेत ते तुम्ही सांगा.”

मी टायपिस्टला म्हटलं, “लिही, सदर विद्यार्थिनीच्या भल्यासाठी.”

“थांबा.” तिनं मला विचारलं, “हे तुम्हाला माहीत होतं की वाटत होतं?”

“वाटत होतं.”

“तेही खरं आहे का?”

टायपिस्टची बोटं कळफलकावर थांबली होती. मागं लग्नाची नोंदणी करायला आलेलं एक जोडपं फोटो काढत होतं. मी वर्षानुवर्षं स्वतःला हेच वाक्य सांगत आलो होतो. मुलीला मोठी संधी मिळाली, इंग्रजी सुधारलं, जग पाहिलं.

“नाही,” मी म्हणालो. “लिही, माझ्या क्लासचं नाव व्हावं म्हणून.”

“तिथं मी पुष्कळ शिकले,” अश्विनी हळूच म्हणाली. “पण ते मी शिकले. त्यात तुमचं काही नाही.” मग टायपिस्टला म्हणाली, “काढ प्रिंट.”

नोटरीकडं धावत गेलो. शिक्का ओला असतानाच आत शिरलो, पण आमचा पुकारा व्हायला चार वाजले. नवं काही कोर्टापुढं ठेवायचं असलं तर एक चिठ्ठीवजा निवेदन देतात, त्याला पुरसीस म्हणतात. ती पुरसीस आणि माझं प्रतिज्ञापत्र तिनं पुढं केलं. बिल्डरचे वकील ताडकन उठले आणि हे सगळं बनवलेलं असल्याचं म्हणाले. बाईंनी हातानं त्यांना बसवलं आणि शांतपणे तीन पानं वाचली. मग माझं नाव पुकारलं. त्या कोर्टात तोंड उघडायला मी तीस वर्षांपूर्वी घाबरलो होतो. आज पाय आपोआप पुढं गेले.

“आपण स्वतःहून आलात?”

“हो मॅडम.”

“आपल्या व्यवसायावर याचा काय परिणाम होईल, याची कल्पना आहे?”

“आहे.”

“मुलीला किंवा तिच्या वडिलांना हे आधी माहीत होतं?”

“आजच्या दुपारपर्यंत नाही. मीच त्यांना खोटं सांगितलं होतं.”

बाईंनी मान खाली घालून बराच वेळ लिहिलं. वरचा पंखा कुरकुरत होता. मी बाकावर परत आलो होतो, अण्णांनी माझं मनगट धरलं होतं, आणि मी कोण आहे हे त्या क्षणी त्यांच्या लक्षात होतं की नाही कोण जाणे. मग बाई वाचायला लागल्या. अर्जदारानं चुकीची बाब लक्षात येताच, स्वतःचं नुकसान होण्याचा धोका पत्करून, ती कोर्टापुढं आणली. त्यावरून त्याचा प्रामाणिकपणा दिसतो. मुलगी परगावी जाण्यात दोघांचाही दोष नाही. विलंब माफ. दावा पुन्हा चालवण्यात यावा.

देवधर म्हणाले, “बरं बोललीस.” त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळच असावं, कारण तिचा चेहरा लाल झाला.

बाहेर व्हरांड्यात अण्णा माझ्यापुढं उभे राहिले. टोपी काढली, पुन्हा घातली. “मास्तर, तवाच सांगितलं असतं तर आमी काय मारलं असतं का तुमाला?”

लगेच स्वतःच म्हणाले, “मारलं असतं म्हना. पन पोरीचे कागद तरी मागं आलं असतं.” मग म्हणाले, “त्या झेरॉक्सवाल्याकडं जाऊ आपन दोगं. उद्याच्याला.” गेलो आम्ही. दत्तानं सगळं ऐकून घेतलं आणि तीन महिने माझे झेरॉक्स काढले नाहीत.

पण ते नंतरचं. व्हरांड्यात अश्विनी माझ्याशी बोलत नव्हती. माफ केलं असं ती तेव्हा म्हणाली नाही, पुढंही कधी म्हणाली नाही, आणि मी विचारलेलं नाही. ती गुडघ्यावर फाईल ठेवून भराभर एक अर्ज खरडत होती. निकालाची नक्कल आजच मागायला हवी होती. ती मिळाल्याशिवाय बांधकाम थांबवायचा मनाईहुकूम मागता येणार नव्हता, आणि तिकडं खड्ड्यांत लोखंड उतरत होतं. अर्ज लिहून झाला. तिनं पर्स उलटी केली, फाईल चाळली, देवधरांकडं पाहिलं. त्यांनी हात वर केले.

मग तिनं माझ्याकडं पाहिलं.

“सर, अर्जाला लावायला कोर्ट फीचं तिकीट हवंय. गेटापाशी तो विक्रेता बसतो ना, त्याच्याकडे. पाचला खिडकी बंद करतो तो. पाच मिनिटं आहेत.”

मी ज्युनियर असताना असलं काम मला सांगितलं की अपमान वाटायचा. पंचावन्न वर्षांचा माणूस मी, गुडघे दुखतात. व्हरांड्यातून, जिन्यातून, काळ्या कोटांच्या गर्दीतून, त्या लग्नाच्या जोडप्याच्या फोटोमधून मी पळत सुटलो. खिडकीशी पोचलो तेव्हा तो विक्रेता फळी ओढत होता.

“उद्या या,” तो म्हणाला.

मी फळीखाली हात घातला आणि म्हटलं, “अहो, मॅडमचं अर्जंट आहे.”

“कुठल्या मॅडम?”

मी अश्विनीचं पूर्ण नाव सांगितलं, पुढं ‘अ‍ॅडव्होकेट’ लावून.

“त्यांचं होय,” तो म्हणाला आणि त्यानं फळी वर केली.